मळ्यातून बागेकडे : कोना येथील कॉफीचा इतिहास



कॉफीचा पेला हाती घेताना ती कोणत्या देशाची, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. आणि ती कोणाच्या हातची, हा तर येतच नाही. चहा म्हटला की आसामचे विस्तीर्ण मळे, मळ्यांचे साहेब आणि रांगेने पाने खुडणारे मजूर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. कॉफीचेही तसेच असावे अशी आपली समजूत असते, आणि इतिहासात पुष्कळ ठिकाणी ती खरीही ठरली आहे. जावा बेटात डच सत्तेने शेतकऱ्यांकडून सक्तीने कॉफी लावून घेतली. ब्राझीलमध्ये ती गुलामांच्या श्रमावर वाढली. परंतु प्रशांत महासागरात एक कोपरा असा आहे की जेथे कॉफीचे मोठे मळे मोडले आणि त्यांच्या जागी लहान लहान कुटुंबांच्या बागा उभ्या राहिल्या. हवाई बेटांतील कोना हा तो प्रदेश होय. हे परिवर्तन कसे झाले, आणि त्यामुळे मजुराचा शेतकरी झालेल्या माणसाच्या पदरात काय पडले व काय पडले नाही, हे आज आपणांस सांगावयाचे योजिले आहे.

प्रथम भूमीचा परिचय करून घेऊ. हवाई द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम अंगास हुआलालाई आणि मौना लोआ हे दोन ज्वालामुखी पर्वत आहेत. त्यांच्या समुद्राकडील उतारावर, सुमारे पाचशे फुटांपासून तीन हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर, कॉफीचा पट्टा पसरला आहे. तो वीस-तीस मैल लांब असला तरी रुंदीने मैल-दोन मैलांचाच. सकाळी स्वच्छ ऊन पडते. दुपारी डोंगरावर ढग उतरतात आणि झाडांवर आपोआप छाया धरतात. पाऊस पडतो तो बहुतांशी उन्हाळ्यात आणि हिवाळा कोरडा जातो. म्हणजे फळ भरण्याच्या वेळी पाणी आणि वाळवण्याच्या वेळी ऊन असा योग जुळून येतो. जमीन म्हणाल तर माती थोडी आणि लाव्हाचे दगड फार. ह्या दगडांतून पाणी तत्काळ झिरपून जाते, त्यामुळे वाहती नदी नाही. घराच्या पत्र्यावरून वाहणारे पावसाचे पाणी लाकडी टाक्यांत साठवावे आणि त्यावरच पिण्याचा, स्नानाचा व कॉफी धुण्याचा व्यवहार चालवावा, अशी येथील जुनी रीत होती.

ह्या भूमीवर कॉफी आली ती एका शोकयात्रेच्या निमित्ताने. हवाईचा राजा दुसरा कामेहामेहा व त्याची राणी इंग्लंडच्या भेटीस गेली असता १८२४ साली लंडन येथे गोवराने मृत्यू पावली. त्यांची शवे स्वदेशी पोहोचविण्यासाठी 'ब्लाँड' नावाची युद्धनौका निघाली. तिचा कप्तान लॉर्ड बायरन हा प्रसिद्ध कवी बायरनचा चुलतभाऊ. वाटेत ब्राझीलमधील रिओ येथे जहाजावर कॉफीची रोपे घेण्यात आली आणि १८२५ साली ती ओआहू बेटात लागली. तेथून १८२८ साली सॅम्युएल रगल्स ह्या अमेरिकन धर्मोपदेशकाने काही कलमे कोनास नेली. शोभेचे झाड म्हणून लावलेली ही कॉफी त्या दगडांत अशी काही रुजली की पुढे ती तेथून हलली नाही. १८७३ सालच्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात हेन्‍री ग्रीनवेल ह्या व्यापाऱ्याच्या कोना कॉफीचा गौरव झाला आणि तिचे नाव युरोपात पोहोचले. १८९२ च्या सुमारास ग्वाटेमालाहून नवे वाण आले. ते येथे चांगले मानवले व आजही तेच बहुतेक बागांतून दिसते.

त्या दशकात भाव चढे होते. गोऱ्या भांडवलदारांनी विस्तीर्ण मळे काढले, मजूर आणले, यंत्रे बसविली. परंतु ब्राझीलमध्ये अतोनात पीक येऊन जगाचा बाजार कोसळला आणि १८९९ साल उजाडले ते कोनाच्या मळेवाल्यांचे दिवाळे घेऊनच. त्यातच १८९८ मध्ये हवाई बेटे अमेरिकेत विलीन झाली होती. हवाईच्या साखरेस आता अमेरिकन जकातीच्या भिंतीआड पक्का आसरा मिळाला. परंतु कॉफीवर अमेरिकेत जकातच नव्हती, त्यामुळे कॉफीस असा आसरा कोठून मिळणार? भांडवल कॉफी सोडून उसाकडे वळले. मळेवाल्यांपुढे प्रश्न पडला, की ह्या डोंगरावरील हजारो एकर झाडांचे करावयाचे काय? त्यांनी तोड काढली ती अशी, की पाचपासून पंधरा एकरांचे तुकडे पाडावे आणि जो कोणी राबावयास तयार असेल त्यास ते भाडेपट्ट्याने द्यावे. राबावयास तयार असलेली ही माणसे होती प्रामुख्याने जपानी.

ह्या जपानी लोकांची पूर्वकथा सांगितल्यावाचून पुढील गोष्टीचे मोल कळावयाचे नाही. १८६८ मध्ये पहिली तुकडी आणि १८८५ पासून सरकारी कराराने हजारो जपानी शेतकरी हवाईच्या उसाच्या मळ्यांत आले. तीन वर्षांचा करार; तो मोडून पळाल्यास कायद्याने शिक्षा. दहा तासांचा दिवस, घोड्यावर बसलेला मुकादम, आणि गळ्यात नावाऐवजी आकडा कोरलेला धातूचा बिल्ला! ह्या बिल्ल्यास 'बांगो', म्हणजे जपानी भाषेत क्रमांक, असे म्हणत. पगारवाटपाच्या दिवशी माणसास ओळखावयाचे ते ह्या आकड्यावरून. आपल्या देशातून मॉरिशस व फिजी येथे गेलेल्या गिरमिट्यांची हकिकत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हे चित्र अपरिचित वाटणार नाही. १९०० साली अमेरिकेचा कायदा लागू होऊन हे करार रद्द झाले. परंतु त्यापूर्वीही मळ्यातून पळालेले कित्येक मजूर डोंगर ओलांडून कोनास येत, आपले नाव बदलीत आणि कॉफीच्या झाडांत दिसेनासे होत. ह्या लोकांस पाच एकरांचा दगडाळ तुकडा हा स्वर्गाचा तुकडा वाटला असल्यास नवल नाही. १९१० च्या सुमारास कोनातील कॉफी-शेतकऱ्यांत जपानी कुटुंबांचे प्रमाण शेकडा ऐंशीच्या घरात गेले होते.

आता एक प्रश्न उत्पन्न होतो. उसाच्या मळ्याचे असे तुकडे का झाले नाहीत, आणि कॉफीच्याच मळ्याचे का झाले? त्याचे उत्तर दोन्ही पिकांच्या स्वभावात आहे. ऊस तोडला की तो लवकर गाळला पाहिजे. पांढरी साखर करावयाची तर प्रचंड कारखाना पाहिजे. आणि कारखाना ज्याचा, त्याच्या हाती शेतकऱ्याची शेंडी. कॉफीचे तसे नाही. तिची फळे एकदम पिकत नाहीत. एकाच फांदीवर एक फळ हिरवे, एक पिवळे, एक लालबुंद असे असते. म्हणून तीच झाडे हंगामात पुनःपुन्हा फिरून हातानेच वेचावी लागतात. खडकाळ चढावर यंत्र चालत नाही आणि मुकादमाच्या धाकाने डोळा तीक्ष्ण होत नाही. दुसरे असे, की वेचणीनंतरचे पहिले संस्कार हाताने फिरविण्याच्या लहानशा यंत्रावर घरच्या घरी होऊ शकतात. तेव्हा जेथे भांडवलाचा जोर कमी पडतो आणि लक्ष देणाऱ्या पुष्कळ हातांची गरज लागते, तेथे कुटुंब हे मळ्यास भारी ठरते. कोनाच्या इतिहासाचे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

ह्या कुटुंबांचा वर्षक्रम कसा असे तो पाहू. खडकांच्या फटीत पहारीने खड्डे करून रोपे लावीत. माघ-फाल्गुनाच्या सुमारास झाडांवर जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात. सारा डोंगर पांढरा दिसू लागतो, म्हणून तेथील लोक ह्या बहरास 'कोनाचे हिम' म्हणतात. दोनतीन दिवसांत फुले गळतात आणि हिरवी फळे धरतात. ती पिकावयास सातआठ महिने लागतात. मधल्या काळात तण काढणे, खत घालणे आणि जून फांद्या छाटणे ही कामे चालत. ऑगस्टमध्ये वेचणी सुरू झाली की ती जानेवारीपर्यंत चाले. कमरेस टोपली बांधावयाची, उंच फांदी आकडीने खाली ओढून दुसऱ्या टोकाने पायाखाली दाबून धरावयाची आणि दोन्ही हातांनी लाल फळे तेवढी खुडावयाची. कसलेला माणूस दिवसाकाठी दोनशे पौंड फळे वेची. शंभर पौंडांची पोती गाढवाच्या पाठीवर लादून घरी आणीत. पहाटे ही गाढवे एकमेकांस साद घालीत, म्हणून त्यांस तेथे विनोदाने 'कोनाचे बुलबुल' असे नाव पडले होते. महायुद्धानंतर सैन्याच्या जुन्या जीपगाड्या आल्या आणि बुलबुलांचा आवाज थांबला.

खरी घाई पुढेच. तोडलेली फळे त्याच दिवशी सोलावी लागतात, नाहीतर ती कुजू लागतात. दिवसभर वेचून आलेले कुटुंब रात्री कंदिलाच्या उजेडात सोलण्याचे यंत्र फिरवीत असे. फळाची लाल साल एकीकडे पडे आणि दोन दोन बिया दुसरीकडे. ह्या बियांवर मधासारखा बुळबुळीत थर असतो. तो काढण्यासाठी त्या रात्रभर हौदात ठेवून आंबवीत व सकाळी चोळून धूत. आंबणे कमी झाले तर चिकटपणा राहतो. अधिक झाले तर कॉफीस आंबूस वास लागतो आणि तो कशानेही जात नाही. हौदात हात घालून, बिया मुठीत आवळून, खरखरीत लागल्या की झाले, असे घरातील मोठे माणूस ठरवी. ह्या परीक्षेस पुस्तक नव्हते.

धुतलेल्या बिया वाळविण्यासाठी जपानी कुटुंबांनी एक सोयीची युक्ती काढली होती. तीस 'होशिदाना' म्हणतात. हा 'दाना' आपला दाणा नव्हे. जपानी भाषेत वाळवणीची मांडणी असा त्या शब्दाचा अर्थ आहे. जमिनीपासून उंच असा फळ्यांचा प्रशस्त मंच आणि त्यावर रुळांवरून सरकणारे पत्र्याचे छप्पर. ऊन पडले की छप्पर मागे ढकलावयाचे, आणि दोनप्रहरचा ढग उतरला की पावसाचा पहिला थेंब पडण्यापूर्वी ते ओढून घ्यावयाचे. दिवसातून कैक वेळा लाकडी दाताळ्याने बिया वर-खाली कराव्या लागत. असे आठवडा-दोन आठवडे चालल्यावर दाण्यावर चर्मपत्रासारखे कोरडे टरफल राहते. ह्या स्थितीत पोती भरून ती गिरणीकडे जात. तेथे टरफल निघून हिरवट दाणा, ज्यास आपल्याकडील जुनी माणसे बुंद म्हणत, तो जहाजावर चढे. साधारण सहा पौंड फळांतून असा एक पौंड दाणा हाती येतो, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या खटाटोपाची कल्पना येईल.

आता ह्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. मुकादम गेला, बिल्ला गेला. परंतु त्यांच्या जागी दुकानदाराची वही आली. तांदूळ, खत, कापड, सर्व काही दुकानातून उधार घ्यावयाचे आणि हंगामात कॉफी देऊन फेडावयाचे. दुकान, गिरणी आणि निर्यात हे व्यवहार मोजक्या कंपन्यांच्या हाती होते, आणि त्यांचा पिकावर पहिला हक्क असे. भाव ठरे तो न्यूयॉर्कमध्ये. आणि तेथे तो ठरे ब्राझीलच्या पिकावरून. कोनातील शेतकऱ्याने दाणा कितीही निवडून वाळविला तरी त्या भावात तीळमात्र फरक पडत नसे. १९२९ नंतरच्या मंदीत भाव इतके उतरले की वर्षभराचे पीक देऊनही कित्येकांचे कर्ज फिटेना, आणि अखेर सावकार कंपन्यांसच त्याचा मोठा भाग सोडून द्यावा लागला. काही शेतकरी रात्रीच्या अंधारात आपलीच कॉफी चोरून दुसऱ्या व्यापाऱ्यास रोखीने विकीत, असे जुन्या माणसांच्या आठवणींत नमूद आहे. स्वतःच्या मालाची स्वतःच चोरी करण्याची पाळी ज्यावर येते, त्यास मालक म्हणावे की नाही, ह्याचा निर्णय श्रोत्यांनीच करावा.

आणि ह्या शेतीचा भार उचलला कोणी? बायकांनी आणि मुलांनी. मजुरी परवडत नसल्यामुळे पाचसहा वर्षांचे मूलही खालच्या फांद्यांची फळे खुडी. ढग आला की होशिदानाचे छप्पर ओढण्यास धावावयाचे ते मुलांनीच. हंगामात शाळा ओस पडत. तेव्हा १९३२ साली शाळांनीच हार खाल्ली आणि मोठी सुट्टी उन्हाळ्यातून काढून ऑगस्ट ते नोव्हेंबर अशी ठेवली. ही 'कॉफीची सुट्टी' १९६९ पर्यंत चालू होती. इतर बेटांतील मुले समुद्रावर खेळत त्या दिवसांत कोनाची मुले शाळेत बसत, आणि शाळेस सुट्टी लागली की डोंगरावर टोपली बांधीत. कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेण्यास जे नाणे पडले त्याचा मोठा वाटा ह्या मुलांचा होता, हे विसरून ह्या इतिहासाचे गोडवे गाणे योग्य होणार नाही.

असे असूनही ही कुटुंबे टिकली, ह्यास एक कारण त्यांचा शेजारधर्म होय. जॉन एम्ब्री ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने कोनातील जपानी समाजाचा अभ्यास करून १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्यात आढळणारी 'कुमी' नावाची संस्था म्हणजे दहावीस घरांचा एक गट. लग्न असो, मरण असो, रस्त्याची दुरुस्ती असो, कुमीतील सर्व घरे मदतीस येत. पैशासाठी 'तानोमोशी' चाले. सर्वांनी दरमहा ठराविक रक्कम जमा करावयाची आणि पाळीपाळीने ती एकेकाने उचलावयाची. म्हणजे हुबेहूब आपली भिशी. कंपनीच्या वहीबाहेर उभे राहण्यास गरिबास जो थोडा आधार मिळाला तो येथे.

ह्या जीवनाचे एक घर आजही पाहावयास मिळते. कुमामोतो प्रांतातून १९०६ साली आलेल्या दाइसाकु उचिदा ह्यांच्या कुटुंबाने वसविलेली बाग आता कोना येथील इतिहास-मंडळाने संग्रहालय म्हणून जतन केली आहे. १९२५ सालचे लाकडी घर, त्याच्या शेजारी सोलण्याचे यंत्र ठेवलेली 'कुरिबा', पुढे होशिदाना, आणि भोवती झाडे. राहण्याचे घर आणि धंद्याची जागा ह्यांत तेथे चार पावलांचे अंतर आहे. एवढ्या अवकाशात एका कुटुंबाचे सारे वर्ष फिरत असे.

महायुद्धानंतर मुले शिकली, होनोलुलूस गेली, आणि पुढे किनाऱ्यावरील हॉटेलांत नोकऱ्या निघाल्या. ज्या मुलांसाठी आईबापांनी दगड फोडले, त्यांनी त्या दगडांपासून दूर जावे, ह्यात कृतघ्नता नव्हती. आईबापांचीच ती इच्छा होती. १९५० नंतरच्या दशकात सहकारी संस्था निघाल्या व वहीचा फास सैल झाला, तथापि १९७० च्या सुमारास ह्या बागांचे दिवस भरले असेच पुष्कळांस वाटले. परंतु पुढे जगात निवडक कॉफीची आवड वाढली आणि कोनाच्या शेतकऱ्याने एक निर्णायक पाऊल टाकले. त्याने कंपनीच्या गिरणीवर न थांबता आपला दाणा आपणच कांडून, भाजून, पुडीवर आपल्या बागेचे नाव घालून विकण्यास प्रारंभ केला. जो नफा सत्तर वर्षे वहीत जमा होत होता, त्यातील काही भाग प्रथमच घरी आला. आज कोनात अशा शेकडो बागा आहेत, आणि त्यांतील बहुतेक पाच एकरांच्या आतबाहेरच्या आहेत.

संकटे मात्र संपली नाहीत. फळ पोखरणारा भुंगेरा २०१० साली कोनात सापडला. ज्या तांबेऱ्याने १८६९ नंतर सिंहलद्वीपातील कॉफी नष्ट करून त्या बेटास चहाकडे वळविले, तो दीडशे वर्षांनी, २०२० साली, हवाईत पोहोचला. वेचणीसाठी आता घरचे हात पुरत नाहीत. मेक्सिको व इतर देशांतून आलेले मजूर लावावे लागतात, आणि अशा रीतीने मजुराचा प्रश्न पुन्हा दाराशी येऊन उभा राहिला आहे. शिवाय नावाचीच चोरी होऊ लागली. शेकडा दहा भाग कोनाचा दाणा आणि नव्वद भाग परका, असे मिश्रण कोनाच्या नावाने विकण्यास हवाईच्या कायद्यात मुभा होती. शेतकऱ्यांनी अनेक वर्षे झगडून २०२४ मध्ये नवा कायदा करविला. त्याने २०२७ पासून हे प्रमाण किमान शेकडा एक्कावन्न ठरविले आहे. ज्यांच्या पूर्वजांनी गळ्यातील आकड्याचा बिल्ला टाकून देऊन नाव परत मिळविले, त्यांच्या वारसांस त्या नावासाठी असे भांडावे लागावे, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

आपल्या देशासही ह्या इतिहासात शिकण्यासारखे आहे. बाबाबुदनगिरीच्या डोंगरावर अरबस्तानातून आलेल्या सात बियांची कथा परंपरेने सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकात कोडगू व चिकमगळूर येथे गोऱ्यांचे मळे झाले. परंतु आज भारतातील कॉफीच्या बागांपैकी बहुसंख्य बागा दहा हेक्टरांच्या आतील, कुटुंबांच्या आहेत. १९४२ च्या कायद्याने त्यांचा माल कॉफी बोर्डाच्या एकत्र साठ्यात जाई व तेथूनच विकला जाई. १९९० नंतरच्या दशकात हे बंधन उठले आणि शेतकरी बाजारात मोकळा झाला. पण जगाच्या भावाची भरतीओहोटीही त्याच्या अंगणापर्यंत आली. कोनाचा प्रश्न आणि कोडगूचा प्रश्न येथे एक होतो.

तेव्हा ह्या सव्वाशे वर्षांचा निष्कर्ष थोडक्यात असा. जमीन कसणाऱ्याच्या हाती आली म्हणजे तो स्वतंत्र झाला, असे आपण समजतो; कोनाचा इतिहास सांगतो की ती केवळ पहिली पायरी होय. माल कोण सोलतो, कोण कांडतो, कोण भाजतो आणि पुडीवर कोणाचे नाव छापले जाते, ह्या प्रत्येक पायरीबरोबर शेतकरी थोडा थोडा मोकळा होत जातो. मळ्याची बाग होण्यास तेथे एक मंदी पुरली. त्या बागेचे मोल बागवानाच्या हाती येण्यास मात्र तीन पिढ्या लागल्या.